धनेशिणीचं डोहाळजेवण

माणसानं एक वेळ सख्ख्या भावाशी बांधावरून भांडावं, पण चैत्राच्या उन्हात, शेजारणीचं वाळवण पडलेलं असताना, गच्चीवर दुर्बीण घेऊन उभं राहू नये. विजयसिंह सरनोबतांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पाटबंधारे खात्यातून मानानं निवृत्त झालेला माणूस. त्यांना धरणाचं पाणी कळत होतं, पाण्यावरून होणारं राजकारण कळत होतं. कुरडईच्या भानगडीत ते कधी पडले नव्हते.

त्या सकाळी ते शालूबाईंच्या परसातल्या शेवग्यावर आलेला शिंजीर बघत होते. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, सावलीत काळं आणि उन्हात जांभळं. आता शेवगा आणि सरनोबत यांच्या बरोबर मधे शालूबाईंची गच्ची होती, आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर घातलेल्या कुरडया होत्या, यात सरनोबतांचा काय दोष? पण दुपारपर्यंत त्या कुरडयांचा चुरा झाला आणि संध्याकाळी शालूबाई पदर खोचून सरनोबतांच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुमच्या साहेबास्नी आवरा," त्या क्रांतीवहिनींना म्हणाल्या. "साध्या डोळ्याची नजर असती तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या मी. पर ही दुर्बिणीची नजर हाय. आठपट लागलीया! आता ही उतरवायची कशी, तुम्हीच सांगा."

दुर्बीण आठपट मोठं दाखवते हे सरनोबतांनीच कौतुकानं गल्लीभर सांगितलं होतं, त्यामुळे आकड्याबद्दल त्यांना बोलायला जागा नव्हती. उभ्या हयातीत त्यांच्यावर कुणी चहाच्या कपाचाही आळ घेतला नव्हता. आणि आता कुरडया! गल्लीतल्या दोन-चार बायका ओसरीच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. क्रांतीवहिनी नवऱ्याची बाजू घ्यायच्या ऐवजी "खरंच बघत होता काय हो तुम्ही?" असं विचारू लागल्या. तेव्हा मात्र सरनोबतांचा तोल सुटला.

"तुमच्या कुरडया बघायला मी काय रिकामा आहे?" ते ओरडले. "अहो, मी धनेशाचं घरटं बघून आलोय! त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसलीय, आणि तो बाहेरून तिला भरवतोय! ते बघणारा माणूस कुरडया बघंल?"

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. कारण हे कुणालाही सांगणार नाही असं वचन त्यांनी दिलं होतं.

वचन घेतलं होतं गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बुद्धभूषण कुरणे सरांनी. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी सरनोबतांना पाखरं. जोतिबाच्या डोंगराखाली एका घळीत जुना आंबा होता, त्याच्या ढोलीत धनेशाचं, म्हणजे मोठ्या बाकदार चोचीच्या पाखराचं, घरटं होतं. मादी आत शिरली की चिखलानं आणि विष्ठेनं तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, म्हणजे उडायचीही सोय राहत नाही. अंडी, पिल्लं आणि आई, सगळ्यांची भिस्त त्या एका नरावर.

"पाखरू दिसलं तर गावभर सांगा, सरनोबत," सर म्हणाले होते. "घरटं दिसलं तर बायकोलासुद्धा सांगू नका. गर्दीला भिऊन नर यायचा थांबला, की आतली सगळी उपाशी मरतात. भिंत फोडून कुणी बाहेर येत नाही." मग सर परीक्षेच्या कामाला सोलापूरला गेले आणि जाताना घरटं सरनोबतांच्या स्वाधीन करून गेले. लांबून बघायचं, नर येतोय ना एवढंच बघायचं. नोकरीत वरिष्ठांनी काही सोपवलं की सरनोबत आधी लेखी आदेश मागत. सरांनी नुसता हात हातात घेतला होता, आणि सरनोबतांना त्या हाताचं ओझं आजवरच्या सगळ्या फायलींपेक्षा जास्त वाटलं होतं.

"कोंडून घेतलंय म्हंजी?" कठड्याशी उभ्या असलेल्यांपैकी एकीनं विचारलं. "नवऱ्यानं भिंतीत चिणलं व्हय तिला?"

"तसं नाही हो, ती स्वतःच..."

"आणि जेवाय कोण घालतंय?"

"नवरा. दिवसभर फळं आणतो आणि फटीतून भरवतो."

"दिवसभर?"

"रोज?"

"सवता भरवतोय? हातानं?"

"चोचीनं," सरनोबत म्हणाले.

यावर कठड्यापाशीच्या बायका दोन पावलं पुढं सरकल्या. शालूबाई कुरडया विसरल्या. क्रांतीवहिनींनी नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत असं बघितलं की सरनोबतांना आपण आजवर बायकोला चतकोर भाकरीही हातानं दिलेली नाही हे एकदम आठवलं.

त्यानंतर गल्लीत जे सुरू झालं त्याला एकच शब्द आहे, अनर्थ. घरोघरी नवऱ्यांना धनेशाच्या चोचीनं मोजलं जाऊ लागलं. "पाखराला कळतंय, तुमास्नी कळत न्हाय," हे वाक्य भांड्यांच्या आवाजासकट ऐकू येई. तालीम मंडळाचे अध्यक्ष बाळासो, ज्यांचा आवाज पंचगंगेच्या पलीकडं जातो, ते एका सकाळी अगदी हळू आवाजात सरनोबतांकडं आले.

"साहेब, तुमच्या त्या पाखरानं माझं घर मोडायची पाळी आणलीया. काल रात्री मला घास भरवाय लावला मंडळींनी. भरवला. तर म्हणती, फळ का न्हाय?"

सरनोबतांनी सहानुभूती दाखवली आणि प्रकरण इथं थांबेल अशी आशा केली. कोल्हापुरात जन्म काढलेल्या माणसानं अशी आशा करायची म्हणजे कमाल होती. इथं कुठलीही गोष्ट थांबत नाही. तिचा कार्यक्रम होतो.

तो ठरला चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन बायका बसल्या होत्या आणि सरनोबत शहाण्यासारखे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. "पोटुशी बाई, अंधारात एकटी, ना माहेर ना सासर," असं शालूबाईंचं बोलणं कानावर आलं. कुणीतरी डोळे पुसल्याचाही आवाज आला. मग क्रांतीवहिनींचा आवाज, ठाम, निवडणुकीत उमेदवार जाहीर करावा तसा: "डोहाळजेवण करूया की तिचं!"

सरनोबत चष्म्यासकट बाहेर आले. "कुणाचं?"

"धनेशिणीचं."

"अगं, तिनं अंडी घातली! डोहाळे कसले आता?"

"बघा," शालूबाई इतरांना म्हणाल्या, "वेळ टळून गेलीया म्हंत्यात. म्हंजी ह्याच रविवारी कराय पायजे."

सरनोबतांनी खूप समजावलं. नर बुजेल म्हणाले. आई उपाशी मरेल म्हणाले. "उपाशी कशी मरंल? पाच प्रकारचा भात नेणार हाय आम्ही," असं उत्तर आलं. झाड दाखवणार नाही म्हणाले, तर शालूबाईंचे दीर जोतिबावर नारळ-गुलालाचं दुकान चालवत होते आणि साहेबांची स्कूटर कुठल्या वळणावर उभी असते हे त्यांना चोख माहीत होतं. घळ कळली होतीच. झाड तेवढं राहिलं होतं. "तुम्ही न्हाय दाखवलं तर आम्ही एकेक झाड बघत जाऊ की," क्रांतीवहिनी म्हणाल्या. रविवारी बायकांची पलटण घळीतलं एकेक झाड ठोठावत चालली आहे, हे दृश्य सरनोबतांना दिवसाढवळ्या दिसू लागलं.

आता एकच आधार उरला होता, तो म्हणजे शासन. ती घळ गायरानात येते, आणि गायरानात हलगी वाजवून पंगत बसवायची तर कचेरीची परवानगी लागते, असा मुद्दा त्यांनी मोठ्या गांभीर्यानं काढला. सरकारी कचेरीत अर्ज गेला की पिल्लं मोठी होऊन, त्यांची लग्नं होऊन, त्यांचीही पिल्लं उडून जातील, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. स्वतः याच यंत्रणेत ते वाढले होते. बाळासो सकाळी अर्ज घेऊन गेले आणि दुपारी शिक्का मारून परवानगी घेऊन आले.

"कचेरीतलं साहेब आमच्या सासुरवाडीचं पावणं निघालं," बाळासो म्हणाले. "वर म्हणालं, डोहाळजेवणाला नडायचं म्हंजी पाप लागतंय."

सरनोबत खुर्चीत बसले ते बसलेच. आयुष्यभर ज्या दिरंगाईवर विश्वास ठेवला तिनं ऐन वेळी दगा दिला होता. कुरडयांच्या वेळी त्यांचा अपमान झाला होता, पण इथं त्यांची श्रद्धाच गेली.

शनिवारी गल्लीच्या तोंडाला डिजिटल फलक लागला. सरनोबत दूध आणायला गेले आणि पिशवीसकट रस्त्यात थिजले. 'आदर्श पती धनेशराव यांचे हार्दिक अभिनंदन! सौ. धनेशीणबाईंना डोहाळजेवणाच्या लाख लाख शुभेच्छा!' खाली मंडळाच्या सगळ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो, आणि डाव्या हाताला सगळ्यांत मोठा फोटो सरनोबतांचा, 'सुप्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ' अशा अक्षरांसकट. फोटो शालूबाईंच्या पुतणीच्या लग्नातला होता. फेटा तसाच होता, ओठांवर जिलबीचा पाक होता. आणि मधोमध जो पक्षी होता त्याची चोच पिवळीधमक, केशरी, होडीएवढी, अंग काळं, गळा पांढरा. कोल्हापूरच काय, आशिया खंडातही तो पक्षी रानात सापडत नाही. छापणाऱ्यानं मोबाइलवर 'मोठ्या चोचीचा पक्षी' शोधून पहिला आला तो घेतला होता.

"हा धनेश नाही, बाळासो! धनेश राखाडी असतो. हा अमेरिकेतला आहे!"

"असूंद्या की," बाळासो म्हणाले. "लांबनं उठाव येतोय."

त्या रात्री सरनोबतांनी निर्णय घेतला. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. खात्यात असताना न येणाऱ्या गोष्टींत ही पहिली होती आणि त्यामुळं त्यांची बढतीही एकदा हुकली होती. पण आता खोटं झाड दाखवायचं. घळीच्या या टोकाला आणखी एक म्हातारा आंबा होता, त्यालाही ढोली होती. खरं झाड पार त्या टोकाला, मधे बांबूचं बेट. डोहाळजेवण इथं उरकायचं आणि सगळ्यांना जेवून झोप यायच्या आत घरी आणायचं.

रविवारी दोन ट्रॅक्स गाड्या आणि एक टेम्पो निघाला. टेम्पोत फलक होता, कारण फलकाशिवाय कार्यक्रम कसा? डोहाळजेवण गोडाचं असतं हे मान्य करूनही पुरुषमंडळींनी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा वेगळा घेतला होता. तो उत्सवमूर्तीच्या नजरेआड, करंजाच्या झाडाखाली खायचा असा तोडगा निघाला होता. सरनोबतांना फेटा बांधून पुढच्या सीटवर बसवलं होतं. वाटेत जोतिबाच्या नावानं चांगभलं झालं. सरनोबतांनी तेवढं मनापासून म्हटलं.

"हीच ती ढोली," झाडाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं.

"ही तर उघडीच हाय," शालूबाईंनी लगेच हेरलं. "लिंपलीया म्हणाला हुता न्हवं?"

"आतून," सरनोबत म्हणाले. "आतून लिंपलीय."

फलक दोन झाडांना बांधला. हलगी सुरू झाली. ओटी भरायची तर उत्सवमूर्ती वर, म्हणून आंबे उतरवायचा झेला आणला होता. लांब बांबू, टोकाला जाळी. जाळीत खण, हिरव्या बांगड्या, हळकुंड, सुपारी आणि नारळ ठेवला, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणून बाळासोंनी तो हळूहळू वर चढवला. बायकांनी गाणं धरलं. क्रांतीवहिनी औक्षणाचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं उभ्या होत्या. नारळ ढोलीच्या तोंडाशी पोचला.

ढोलीतून एक वाटोळं तोंड बाहेर आलं. दोन पिवळे डोळे, भुवया रागावलेल्या. त्यानं नारळाकडं बघितलं, बाळासोंकडं बघितलं, आणि अशी किंकाळी फोडून बाहेर झेप घेतली की बाळासोंच्या हातातून बांबू सुटला. नारळ हलगीवर पडला आणि हलगी फुटली. खण फलकावरच्या सरनोबतांच्या तोंडावर अडकला. तो पिंगळा होता, म्हणजे घुबडाचा धाकटा भाऊ. समोरच्या फांदीवर बसून तो खालीवर मान डोलवत सगळ्यांना बघू लागला.

"अगं बया, घुबड!" शालूबाई किंचाळल्या. "घुबडाची ओटी भरली गं आम्ही!"

मग जो गलका झाला तो विचारू नका. एकीनं ताम्हनातलं पाणी स्वतःवर शिंपडून घेतलं, दुसरीनं शेजारणीवर. कुणी म्हणालं गावदेवीला नवस बोला, कुणी म्हणालं सरनोबतांवरून लिंबू उतरा. "साहेब, दुर्बीण घेऊन दोन म्हैनं हिंडलाय आणि घुबड कळंना व्हय तुमाला?" बाळासोंनी विचारलं, आणि यावेळी आवाज पंचगंगा ओलांडून गेला. पोरं हसायला लागली. करंजाखाली कुणीतरी "सुप्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ!" असं ओरडलं आणि हाड चोखलं.

सरनोबत फेटा घालून मधोमध उभे होते. आजवर कचेरीत, गल्लीत, सोयऱ्यांत जी काही पत होती ती त्या फुटक्या हलगीशेजारी पडली होती. त्यांना रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी वर बघितलं. आणि वर, आंब्यांच्या शेंड्यांवरून, दोनदा पंख मारत आणि मग तरंगत, पुन्हा दोनदा पंख मारत आणि तरंगत, लांब शेपटीचा राखाडी नर त्या टोकाकडं चालला होता.

सरनोबतांचा हात आपोआप उचलला गेला. एक बोट दाखवायचं होतं. 'तो बघा धनेश! आणि तिकडं त्याचं खरं घर!' एवढं म्हटलं की हसणारे सगळे गप्प. फेटा सरळ, पत परत, पुढच्या फलकावर आणखी मोठा फोटो. आणि मग ही सगळी माणसं बांबूचं बेट तुडवत त्या टोकाला.

"साहेब, त्यो कोण चाललाय?" बाळासोंनी वर बघत विचारलं. "केवढी चोच हाय! त्योच न्हवं?"

सरनोबतांनी उचललेल्या हातानं फेटा नीट केला.

"ती घार," ते म्हणाले.

"घार? एवढ्या लांब शेपटाची?"

"घारच. मला विचारताय ना? मग घार."

बाळासोंनी एकदा वर बघितलं आणि एकदा फलकाकडं. फलकावरची चोच केशरी होती. "व्हय, धनेश रंगीत असतोय," ते स्वतःशी म्हणाले. "घारच असंल मग." लोक पुन्हा पिंगळ्याकडं वळले. क्रांतीवहिनी ताट धरून अजून वरच बघत होत्या. निरांजन केव्हाच विझलं होतं. परत येताना त्या ट्रॅक्समध्ये नवऱ्याशेजारी बसल्या नाहीत.

पुढचे दिवस सरनोबतांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. गल्लीत त्यांचं नाव 'पिंगळेसाहेब' पडलं. पोरं त्यांना बघून माना खालीवर करत. याचं त्यांना वाईट वाटत होतंच, पण जास्त वाईट वाटत होतं ते घरातल्या शांततेचं. क्रांतीवहिनी जेवायला वाढत, आणि त्या प्रसंगाबद्दल चकार शब्द काढत नसत. बायकोला आपली लाज वाटतेय, हे एकदा मनानं घेतल्यावर सरनोबत अर्ध्या भाकरीवरून उठू लागले. पहाटे उठून ते तेवढे स्कूटरवरून घळीकडं जात. लांबून बघत. नर येत होता. मग परत येऊन 'पिंगळेसाहेब' ऐकत.

कुरणे सर सोलापूरहून आले ते बॅग घरी टाकून थेट सरनोबतांच्या ओसरीवर. फलक अजून उतरवला नव्हता, तो त्यांनी वाचला होता. चेहरा पांढरा पडला होता. ओसरीवर नेमके बाळासो आणि मंडळाची दोन-चार पोरं पेपर वाचत बसलेली.

"सर, बरं झालं आला," बाळासोंनी सुरुवात केली. "तुमच्या चेल्यानं नाद खुळा केला की! घुबडाला धनेश म्हणाला. आणि वरनं एक राखाडी, लांब शेपटाचं, मोठ्या चोचीचं पाखरू गेलं, त्याला म्हणाला घार!"

सर बसता बसता थांबले. "राखाडी? मोठ्या चोचीचं?" त्यांनी सरनोबतांकडं बघितलं. "सरनोबत, काय होतं ते?"

सरनोबतांना सरांच्या डोळ्यांत बघवेना. धनेश म्हणावं तर बाळासो पुढच्या रविवारी नवी हलगी घेऊन घळीत. घार म्हणावं तर ज्या एका माणसानं विश्वासानं हात हातात घेतला, त्याच्या लेखी आपण मूर्ख, आणि मूर्खाच्या हाती त्यानं घरटं दिलं होतं. पोरं हसू दाबून वाट बघत होती.

"घार होती, सर," ते म्हणाले. "घार."

सरांचा चेहरा असा झाला की सरनोबतांनी मान खाली घातली. तेवढ्यात आतून क्रांतीवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी पहिला कप सरांना दिला.

"घारच हुती, सर," त्या म्हणाल्या. "मी सवता बघितली की. चोचीत उंबर धरून पलीकडच्या आंब्याकडं चालली हुती."

सरांचा कप ओठांशी थांबला. सरनोबतांनी मान वर केली. जिच्या तोंडात लग्नापासून तीळ भिजला नव्हता, ती बाई हे इतके दिवस पोटात ठेवून गल्लीत पाणी भरत होती, हळदीकुंकवाला जात होती, शालूबाईंबरोबर कुरडया घालत होती. आजवर बसलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मोठा होता.

"बघा, वहिनी बी तेच म्हणत्यात," बाळासो बशीत चहा ओतत म्हणाले. "पर सर, घार उंबर खाती व्हय?"

सरांनी सरनोबतांकडं बघितलं, मग वहिनींकडं. मग त्यांनी सावकाश एक घोट घेतला.

"उन्हाळ्यात खातात," ते म्हणाले, आणि वहिनींकडं आणखी अर्धा कप चहा मागितला.